रंगाचा दोष नव्हता

३ फेब्रुवारी

आत्या,

पाकिटावरचं अक्षर अनोळखी वाटलं म्हणून पत्र उघडलंत, हे चांगलं झालं. बाबांचं अक्षर असतं तर तसंच परत पाठवलं असतंत. मी त्यांची मुलगी. तुम्ही घर सोडलंत तेव्हा मी पहिलीत होते आणि माझे पुढचे दोन दात पडले होते. आता सदतिशी गाठली आहे, दात सगळे जागेवर आहेत आणि रंगाईच्या दुकानाचं काउंटर मी सांभाळते. बाबा मला मुनीम म्हणतात.

तुमचा पत्ता रंगाची पूड पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडून काढला. तो तुम्हालाही माल देतो आणि आम्हालाही, पण एकापाशी दुसऱ्याचं नाव काढत नाही. मी काढायला लावलं. फोन नंबरही देत होता, तो घेतला नाही. फोन तुम्ही ठेवून दिला असता. पत्र फाडायला निदान दोन्ही हात लागतात.

आता कामाचं. मागच्या महिन्यात मी छातीच्या तपासणीला गेले होते. गाठ-बिठ काही निघाली नाही. पण डॉक्टरीणबाईंनी घरात कुणाला कॅन्सर होता का विचारलं आणि माझं उत्तर पाठच होतं. आईकडे कुणालाच नाही. वडिलांकडे आजी गेली, मोठी आत्या गेली, धाकट्या आत्याला झाला पण ती वाचली. मात्र ते सगळं रंगामुळे, आमची रंगाई आहे ना. बाईंनी पेन खाली ठेवलं. रंग उकळायच्या भट्टीवरच्या पुरुषांना काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाबांचे गुडघे दुखतात. कढईवाल्या काकांना काहीच नाही, ऐंशीचे झाले तरी पत्त्यांत लबाडी करतात. मग त्यांनी विचारलं, मोठी आत्या भट्टीवर काम करायची का? मोठी आत्या शाळेत शिकवायची. लग्नानंतर तिने भट्टी पाहिली ती माहेरी आली की दारातून. घरात म्हणायचे, लहानपणीची वाफ अंगात राहिली. मीही तेच म्हणत आले, कधी विचारही केला नाही.

बाईंनी कागदावर आमचं घर काढलं. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. तीन गोल काळे केले आणि पेन्सिल बाबांच्या चौकोनावर टेकवली. हे रक्तातून येतं, म्हणाल्या, आणि बापाकडूनही येतं. चौकोनाला स्वतःला सहसा काही होत नाही म्हणून तिकडे कुणी बघत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

रक्ताची तपासणी असते. पण ती ज्या बाईला आजार झाला आणि जी हयात आहे तिच्यापासून सुरू करावी लागते. तिच्यात काय सापडतं ते कळलं, तर माझ्यात काय शोधायचं ते कळतं. नाहीतर माझा रिपोर्ट चांगला आला तरी त्यावर विसंबता येत नाही. अशी बाई या घरात एकच उरली आहे.

मला तुमच्या रक्ताची एक छोटी नळी हवी आहे. तुमच्या शहरातल्या प्रयोगशाळेचा पत्ता सोबत जोडला आहे, सोय मी करून ठेवली आहे. एवढंच मागणं. हे ‘एवढंच’ नाही हे मला कळतं. मी लिहिते आहे हे बाबांना माहीत आहे.

तुमची भाची


१ मार्च

आत्या,

तुझं उत्तर आलं. चार ओळींत तू रक्त द्यायला कबूल झालीस, एक अट घातलीस, ‘तुम्ही’ म्हणणारी भाची नको म्हणून दटावलंस आणि फोन करायचा नाही असंही बजावलंस, कारण फोनवर तुला फक्त भांडता येतं. इतकं सगळं चार ओळींत बसवणारी बाई आमच्या घरातलीच, यात शंका नाही. तेव्हा आजपासून तू.

शेवटी विचारलं आहेस, दादाला खरंच माहीत आहे का? नाही. लिहून गेले, कारण त्यांच्या चोरून लिहिते आहे म्हटलं तर तू मला पोरकट समजशील असं वाटलं. आता समज.

तुझी अट मला मान्य आहे. आपल्या घरातला आजार रंगामुळे नव्हता असं निघालं, तर ते मी बाबांना समोर बसून सांगेन. पण आधी तुझा रिपोर्ट येऊ दे. नुसत्या शंकेवर त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि माझं डोकं मला लागतं.

तू गेल्यानंतरचं थोडं सांगते. तुझ्यावेळी तो नियम नुसता तोंडी होता, रंग बाधतो म्हणून बायकांनी भट्टीच्या खोलीत यायचं नाही. तू तो झुगारून स्वतःची भट्टी टाकलीस. मग बाबांनी इथे मधे दार बसवलं आणि आतून कडी लावली. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून कपडे द्यायचे आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून घ्यायचे. आजही तसंच करते. लोकांचे विटलेले कोट आत जातात, नवेकोरे होऊन बाहेर येतात, आणि मधे काय होतं ते मी तीस वर्षं फटीतून बघते आहे. मला रंगारी व्हायचं होतं. छटा मला बाबांपेक्षा बरी ओळखता येते, हे ते स्वतः कबूल करतात, पण दाराबाहेरून.

लहानपणी मला याचा फार राग यायचा. पण संध्याकाळी बाबा कोपरापर्यंत हात घासायचे, कपडे बदलायचे, पुन्हा हात घासायचे आणि मगच मला उचलून घ्यायचे. त्यांची नखं घासून घासून लाल झालेली असत. हा माणूस निष्ठुर नव्हता, आत्या. घाबरलेला होता.

दवाखान्यातलं मला आईने सांगितलं. तुझं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते. बाबा आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “सांगितलं होतं.” तू त्यांना बाहेर जायला सांगितलंस, ते आजतागायत बाहेर आहेत. आई म्हणते की ते घरापर्यंत रडत आले. हे तुला माहीत नसेल. त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. बाहेर पडलेल्या माणसाला एवढं वाईट बोलून आपण काय केलं हे समजत होतं, इतकंच सांगते.

मुनीम


२४ एप्रिल

आत्या,

तुझ्यात सापडलं, आणि त्यानंतर माझ्यात शोधलं तर माझ्यातही सापडलं. तोच बदल, त्याच जागी. शक्यता निम्म्याच्या निम्मी होती. माझं नशीब मला भेसळ करून काही देत नाही, द्यायचं ते अख्खं देतं.

समुपदेशक म्हणून एक शांत बाई बसतात, त्यांनी तास-दीड तास नीट समजावलं. हा आजार नाही, आजाराची वाट मोकळी आहे. माझ्यासारख्या शंभर बायका घेतल्या तर आयुष्यभरात साठ-सत्तर जणींना होतो. दोन रस्ते आहेत. एक, दर सहा महिन्यांनी तपासण्या करत राहायच्या आणि झालाच तर लवकर पकडायचा. दुसरा, होण्याआधीच दोन्ही स्तन काढून टाकायचे. अंडाशयांचं वेगळं, ते दोन-चार वर्षांत ठरवावं लागेल. घाई नाही, असं त्या तीनदा म्हणाल्या. मला मात्र घाई आहे. वाट बघणं मला जमत नाही, बसथांब्यावरसुद्धा मी चालत सुटते.

आणि हो, रंगाचंही विचारलं. भट्टीच्या वाफा काही फार चांगल्या नव्हेत, पंखा बसवा, तोंडाला फडकं बांधा, म्हणाल्या. पण हे काम वाफेचं नव्हे. चोर सोडून आपण इतकी वर्षं संन्याशाला फाशी देत होतो.

आता तुझ्या अटीचं. रविवारी दुपारी दुकान बंद होतं. बाबा भट्टीच्या खोलीत कढया घासत होते आणि दार उघडं होतं. मी उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून बसले. म्हटलं, बाबा, मी आत्याला पत्र लिहिलं. हात थांबले. मग सगळं सांगितलं, तुझं रक्त, माझं रक्त, आणि दोन्हींत एकच गोष्ट. रंगामुळे नाही बाबा, म्हटलं, हे आजीकडून आलं. मी एवढंच सांगायचं ठरवलं होतं. पंच्याहत्तरीच्या माणसाला पुढचं कशाला सांगायचं, झाकली मूठ राहू दे, असा माझा हिशोब होता.

पण ज्याने आयुष्यभर कुठल्या कढईतून कुठला रंग कापडात उतरला ते ओळखलं, त्याच्यापासून काय लपवणार? त्यांनी हातातली कढई पालथी घातली. मग म्हणाले, “आजीकडून तुझ्याकडे उडी मारून गेलं का? मधे मी होतो ना.”

त्यांनी विचारलं, माझ्यातून ते काढता येतं का? नाही म्हटलं. मग म्हणाले, मला काही झालं नाही आणि तुला माझ्यामुळे झालं. मी म्हटलं, मला अजून काहीच झालेलं नाही, आणि तुम्ही काही केलेलं नाही. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. नंतर ते जेवले नाहीत आणि मीही आग्रह केला नाही. तू म्हणाली होतीस की त्याला समोर बसून सांग. सांगितलं. सांगताना तुझा थोडा रागही आला, हेही लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टीच्या खोलीत गेले. विचारलं नाही. कढईवाले काका पळी हातात घेऊन माझ्याकडे आणि बाबांकडे आळीपाळीने बघत राहिले. बाबा पाठमोरे होते. थोड्या वेळाने न वळताच म्हणाले, चपला काढू नकोस, खाली ओलं असतं. मी आत उभी राहून पहिल्यांदा रंग उकळताना जवळून पाहिला. हिरवा होता. दिवसभर डोळे चुरचुरले आणि मी कुणालाही ते कळू दिलं नाही.

मुनीम


३० मे

आत्या,

मी ठरवलं. दोन्ही काढायचे. तारीख जुलैच्या सुरुवातीची मिळाली आहे.

घरात काय काय झालं ते सांगते. सासूबाई म्हणाल्या, चांगल्या अंगाला सुरी कशाला लावायची, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी म्हटलं, बैल गेल्यावर झोपा करणाऱ्या घरात मी जन्मले, आता माझा झोपा मला आधी करू द्या. त्या रुसल्या, पण तिसऱ्या दिवशी समोरून गुंड्या असलेले चार मऊ झगे शिवून आणले. ऑपरेशननंतर हात वर होत नाहीत असं कुणीतरी त्यांना सांगितलं म्हणे. अजूनही त्यांना हे पसंत नाही. झगे मात्र उत्तम शिवलेत.

माझा नवरा शाळेत गणित शिकवतो, त्याला सगळे मास्तरच म्हणतात, मीही. मास्तरांनी सगळे आकडे माझ्याआधी वाचून ठेवले होते. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, “मला विचारलंस तर मी स्वार्थी उत्तर देईन. तू जग.” मग आम्ही दोघांनी मिळून भांडी घासली.

मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला एवढंच सांगितलं आहे की आई आजारी पडू नये म्हणून ऑपरेशन करणार आहे. मोठा झाला की बाकीचंही सांगणार. नाहीतर आपल्या घरात आणखी एक पुरुष ‘मला काय त्याचं’ म्हणत फिरेल आणि त्याच्या मुलीला उंबऱ्याबाहेर ठेवेल.

हे सगळं ठीक आहे. मी निश्चयाची आहे, लोकही तसंच म्हणतात. पण एक गोष्ट राहिली आहे, ती तुझ्याशिवाय कुणाकडे मागता येणार नाही, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले.

दवाखान्यात त्यांनी मला फोटो दाखवले, ऑपरेशननंतर कसं दिसतं त्याचे. चांगल्या मनाने दाखवले. पण त्या फोटोंतल्या बायकांना डोकी नाहीत. गळ्यापासून कमरेपर्यंतच फोटो, एकामागून एक. ओळख कळू नये म्हणून तसं करतात, ते मला समजतं. पण मी घरी आले आणि आरशासमोर उभी राहिले तर मलाही माझं डोकं दिसेना. फक्त गळ्यापासून कमरेपर्यंत दिसायला लागलं. तेव्हापासून आंघोळ करताना मी वर बघते.

मला चेहरा असलेली बाई बघायची आहे. तुझी छाती मला बघायची आहे, आत्या. असं कुणी कुणाला पत्रातून मागत नाही. तुला राग आला तर हे पत्र जाळ आणि पुढचं कामापुरतं लिही. नाही म्हणालीस तरी ऑपरेशन होणारच, त्याचा या विचारण्याशी संबंध नाही. पण बघितलं तर मी तिथे भीत भीत जाणार नाही, जाईन ती नीट जाईन.

तू सांगशील त्या दिवशी मी तिकडे येते. इथे यायचं असेल तर दुकानात ये. बाबांना घराबाहेर पाठवायचं असेल तर पाठवते.

मुनीम


२ जुलै, दुपार

आत्या,

उद्या सकाळी दाखल व्हायचं आहे. बॅग भरून झाली, झगे वरतीच ठेवले आहेत. तू आलीस त्या दिवशी निघताना विचारलंस, कसं वाटतंय? मी म्हटलं, ठीक. ते काही खरं उत्तर नव्हतं, म्हणून हे लिहिते.

तू न कळवता आलीस, बाबा गिऱ्हाइकाशी बोलत असताना काउंटरसमोर उभी राहिलीस, आणि मला वाटलं आता या दोघांत काय होतंय कोण जाणे. बाबांनी तुला ‘ये’ म्हटलं नाही, बसायला सांगितलं नाही. हातातला लाल कापडाचा नमुना पुढे केला आणि म्हणाले, हा रंग उठत नाहीये. तू तो उजेडात धरलास आणि म्हणालीस, तुझं पाणी जड आहे, क्षारांचं. तीस वर्षांनी भेटलेली भावंडं पाण्यावरून वाद घालताना पाहून गिऱ्हाईक निघून गेलं. त्या बाईंच्या कोटाचं काम बुडालं, पण मी त्यांना थांबवलं नाही.

मग तू मला भट्टीच्या खोलीत नेलंस आणि कडी लावलीस. बाहेर बाबा आणि कढईवाले काका उभे होते, हे मला फटीतून दिसत होतं. तू गुंड्या काढत होतीस आणि तोंडाने पाण्याबद्दलच बोलत होतीस, की इथल्या टाकीत गाळ साठलाय आणि दादाला कधी अक्कल येणार. मला हवी होती तशीच बाई. छाती अर्धी आणि तोंड पूर्ण चालू.

मी बघितलं. डावीकडे एक तिरकी फिकट रेघ, तिच्या टोकाला थोडी चुणी, आणि त्वचेखाली फासळ्या श्वासाबरोबर हलत होत्या. तू म्हणालीस, हात लाव, गरमच लागेल. लागली. मला वाटत होतं की मी रडेन किंवा मला मळमळेल. तसं काहीच झालं नाही. मला एकदम भूक लागली. त्या रात्री मी खूप दिवसांनी पोटभर जेवले आणि आंघोळ करताना खाली बघितलं. सगळं जागेवर होतं, डोकंसुद्धा. दोन्ही स्तनांचा निरोप घेतला. निरोप घेताना रडले, ते तुला सांगायला हरकत नाही.

नवीन बसवायचे का, असं सर्जनबाईंनी विचारलं होतं. सध्या नको म्हटलं. पुढे वाटलं तर बघू.

आता मुद्द्याचं. मी तुझी दुसरी बाजूही पाहिली. ती तशीच आहे. समुपदेशकबाई मागेच म्हणाल्या होत्या की एकदा होऊन गेला तरी आपल्यासारखीला दुसऱ्या बाजूचा धोका राहतोच. मी तुला विचारलं, शेवटची तपासणी कधी केलीस? तू म्हणालीस, साठी आली, आता राहू दे तिला, तेवढीच सोबत. मी हसले. घरी आल्यावर मला हसल्याचा पश्चात्ताप झाला. विनोद चांगला होता, आणि तो तू दर वर्षी डॉक्टरांनाही सांगत असणार.

काढ असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरवशील. पण तपासून घे. तुझ्या रक्तामुळे मला माझा रस्ता दिसला आणि तूच डोळे झाकून बसलीस तर मी उद्या कशी शांत पडू? एकटीने जायचं नसेल तर मी येईन, पण मला दीड-दोन महिने तरी हात वर करता येणार नाहीत आणि तेवढं थांबायला मी तयार नाही. तुला माझी घाई ठाऊक आहेच.

हे लिहीत असताना बाबा आले. कुणाला लिहितेस, असं विचारलं. सांगितलं, आणि काय लिहिते आहे तेही वाचून दाखवलं, दुसऱ्या बाजूचं. ते दारातच उभे राहिले. हात हिरवे होते, घासलेले नव्हते. मग म्हणाले,

“तिला लिही, मी तिच्याबरोबर जाईन. बाहेर बाकावर बसेन. एक शब्दसुद्धा बोलणार नाही.”

मग ते भट्टीकडे गेले. आत्या, मी ते जसंच्या तसं लिहिलं आहे. दिवस ठरव आणि त्यांना कळव.

मुनीम